एक्सेलची नवीन फंक्शन्स: महिन्याच्या रिपोर्टसाठी जाम उपयोगी, फक्त समोरच्याचं व्हर्जन बघून घ्या

ज्यांचं काम व्हीलूकअप (यादीतून एखाद्या नावापुढची माहिती शोधून आणणारं फंक्शन) आणि पिव्हट टेबलवर (डेटाची गटवार बेरीज दाखवणारा तक्ता) व्यवस्थित चाललंय त्यांनी हे मुद्दाम वाचा, कारण मीही वर्षानुवर्षं तेच वापरायचे आणि आता नवीन फंक्शन्सवर रिपोर्ट उभा केल्यावर परत जुन्या पद्धतीने करायची इच्छाच होत नाही.

सुरुवात एक्सलूकअपपासून करा, व्हीलूकअपचंच काम करणारं हे नवीन फंक्शन. व्हीलूकअपमध्ये कॉलमचा नंबर द्यावा लागतो, मग मध्ये कोणी एक कॉलम घुसवला की उत्तर गुपचूप बदलतं. इथे ती भानगडच नाही, डावीकडचंही शोधतं, न सांगता एक्झॅक्ट मॅच घेतं आणि सापडलं नाही तर काय दाखवायचं तेही फॉर्म्युल्यातच लिहिता येतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शेवटून शोधायची सोय, तारखेप्रमाणे लावलेल्या यादीतून एखाद्या आयटमचा लेटेस्ट रेट एका झटक्यात मिळतो.

पण खरी मजा फिल्टर (हव्या त्या ओळी निवडणं), सॉर्ट (क्रम लावणं), युनिक (पुन्हा आलेली नावं गाळणं) या मंडळींची. फॉर्म्युला एकाच सेलमध्ये लिहायचा आणि उत्तर लागेल तेवढ्या ओळींत आपोआप पसरतं, खाली ड्रॅग करणं नाही की काही नाही, आणि त्या सेलच्या पत्त्यापुढे हॅश लावला की अख्खी पसरलेली यादी दुसरीकडे वापरता येते, ड्रॉपडाउनला सुद्धा. मूळ डेटा कंट्रोल टी करून टेबलमध्ये ठेवा म्हणजे नवीन ओळी आपसूक धरल्या जातात. पसरायच्या जागेत काही लिहिलेलं असेल किंवा मर्ज केलेले सेल असतील तर स्पिल एरर येतो, आणि टेबलच्या आत हे चालत नाही, त्यामुळे रिपोर्टची शीट वेगळीच ठेवा.

ग्रुपबाय आणि पिव्हटबाय ही २०२३ च्या शेवटी जाहीर झालेली जोडी. विभागवार बेरीज एका फॉर्म्युल्यात! डेटा बदलला की आकडा लगेच बदलतो, पिव्हटसारखं रिफ्रेश करायचं लक्षात ठेवावं लागत नाही, आणि ज्याच्यावर निर्णय होणार आहेत त्या रिपोर्टमध्ये शिळा आकडा जाणं किती वाईट हे वेगळं सांगायला नको. शिवाय बेरजेच्या जागी ॲरेटूटेक्स्ट दिलं की प्रत्येक विभागातली नावं एकाच सेलमध्ये स्वल्पविराम देऊन येतात, साध्या पिव्हटमध्ये हे जमत नाही. फॉरमॅटिंग मात्र आपलं आपणच करायचं, टोटलची ओळ ठळक हवी तर कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. आणि आकड्यावर डबल क्लिक करून त्यामागच्या ओळी बघायच्या असतील तर पिव्हटच बरा, मी तो काढून टाकलेला नाही.

व्हीस्टॅकने बारा महिन्यांच्या शीट एकाखाली एक लावता येतात, ठीक आहे, पण रिकाम्या सेलच्या जागी शून्य दिसतात. फाइल्सच वेगवेगळ्या असतील तर पॉवर क्वेरी (एक्सेलमधलंच डेटा गोळा करायचं टूल) वापरा. फॉर्म्युला लांबलचक झाला की लेट वापरून तुकड्यांना नावं द्या, फाइल दुसऱ्याच्या हातात गेली तर त्याला निदान वाचता तरी येईल.

आता व्हर्जनचं. एक्सेल २०१९ मध्ये यातलं एक्सलूकअप, फिल्टर, लेट काहीच नाही. २०२१ मध्ये ही तिन्ही आहेत, व्हीस्टॅक २०२४ मध्ये आलं, पण ग्रुपबायसाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ (वर्गणी भरून घ्यायचं व्हर्जन) किंवा वेबवरचं एक्सेलच लागतं. गूगल शीट्समध्ये एक्सलूकअप २०२२ पासून आहे आणि फुकटच्या लिबरेऑफिसमध्येही २४.८ पासून एक्सलूकअप, फिल्टर, लेट आलेत. जुन्या एक्सेलमध्ये फाइल उघडली की आधी सगळे आकडे बरोबर दिसतात, म्हणून फसायला होतं, सेलमध्ये जाऊन एंटर मारलं की नेम एरर, म्हणजे हे फंक्शन त्या एक्सेलला माहीतच नाही. त्यामुळे बाहेर पाठवायची कॉपी मी पेस्ट व्हॅल्यूज करूनच (फॉर्म्युले काढून नुसती उत्तरं ठेवून) पाठवते आणि फॉर्म्युलेवाली फाइल स्वतःकडे ठेवते.