घरचा साबण: नगावर विकायचा की वजनावर?

समजा एक किलो तेलाचा घाणा. तेल, कॉस्टिक, सुगंध, कागद मिळून ४२० रुपये आणि दोन तासांची मजुरी १५०. बारा वड्या निघाल्या, तर एक वडी ४७ रुपये ५० पैशांना पडते. मजुरी न धरणारे बचत गट बरेच दिसतात. मग ५० रुपयांना विकूनही मोठा फायदा झाल्यासारखा वाटतो.

नगावर ८० रुपये लावले की हिशेब सोपा. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या गर्दीत काटा काढत बसायला वेळ कुणाला आहे? दुकानदाराने ३० टक्के मागितले तरी हातात ५६ उरतात. पण हाताने कापलेल्या वड्या सारख्या येत नाहीत, आणि गिऱ्हाईक जाडच उचलतं!

वजनावर, म्हणजे ८०० रुपये किलोने, ही भानगड मिटते. ९५ ग्रॅमची वडी ७६ रुपयांना. खरी मेख सुकण्यात आहे. थंड पद्धतीचा, म्हणजे न शिजवता केलेला साबण चार ते सहा आठवडे सुकतो, पाणी उडतं, वजन घटतं. ओला तोलला तर गिऱ्हाईक पाण्याचे पैसे देतं. म्हणून वजन सुकल्यावरच करावं. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तर पाणी आणखी भरभर उडतं.

माझं मत: यात्रेत नग, ओळखीच्या घरांना वजन. पाकीटबंद मालावर निव्वळ वजन आणि एमआरपी दोन्ही छापावे लागतात, त्यामुळे तिथे नगाची किंमत लावली तरी काटा सुटत नाही.

अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाने सुरू झालेली विप्रो पुढे साबणातही उतरली. त्यांच्या यंत्राच्या वडीशी भावात बरोबरी करायला जाऊ नये.