पाटीवर दोन एचपी, आत ॲल्युमिनियम

घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी 'रंधा, कटर, ड्रिल सगळं एकात' असा नवा संच घ्यायचा विचार चालू असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचून घ्या. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, तिकडे पवनी-लाखांदूरकडचे बरेच वाढई (सुतार) लोक मोबाईलवर व्हिडिओ पाहतात आणि मशीन घ्यायला थेट नागपूर गाठतात. मीही तसाच गेलो होतो. दुकानाचं नाव देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. शिवाय नाव सांगून फार उपयोगही नाही, कारण ताकदीचा खोटा आकडा छापलेल्या तसल्याच पाट्या लावलेल्या मोटरी नंतर मला दुसरीकडेही दिसल्या.

आमचं काम दारं-चौकटी, पलंग, शाळेचे बाक यांचं. तान्ह्या पोळ्याच्या (पोरं लाकडी बैल मिरवतात तो सण) आधी मात्र लाकडी बैलांचा धडाका असतो. शिवणीचं लाकूड हलकं, कोरायला मऊ, म्हणून बैल त्याचेच. एकेक फळी हाताने रंधून, करवतीने कापून ऑर्डरी पुऱ्या होत नाहीत, आणि आरामशीनवाल्याकडे (लाकूड कापायच्या गिरणीवर) गेलं की तो आधी मोठं गिऱ्हाईक पाहतो. म्हणून ठरवलं, बैलांच्या हंगामाआधी घरीच सोय करायची.

संच असा होता: १२ इंची रंधा, त्यालाच १० इंची कटर, बाजूला ड्रिलचा चक, आणि '२ एचपी, शंभर टक्के कॉपर वायंडिंग' मोटर, म्हणजे ताकद दोन हॉर्सपॉवर आणि आतली गुंडाळलेली तार सगळी तांब्याची. सोबत राउटर, सँडर, जिगसॉ आणि ग्राइंडर. जीएसटीसकट ६८ हजार, पक्कं बिल, एक वर्षाची गॅरंटी. दुकानात भिंतीवर पीएम विश्वकर्मा योजनेचं चित्र लावून खाली 'मंजूर मशीन' असं छापलेलं. या योजनेत सुतारासकट १८ प्रकारच्या कारागिरांना औजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर मिळतं, पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं, आणि नोंदणीला पैसे लागत नाहीत. त्या दुकानाच्या संचाचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पण कागद रंगीत होता आणि माणूस गोड बोलत होता.

डेमो मात्र खरा दिला. माझ्यासमोर निंबाची जाड फळी रंध्यात घातली. मशीन जराही दबली नाही, भुसा मोकळा उडाला, फळी आरशासारखी बाहेर आली. खेळ होता तो यानंतर. 'वाहतुकीत मोटर हलते, ब्रॅकेट तुटते, म्हणून मोटर वेगळ्या खोक्यात पॅक करतो,' असं त्यांनी सांगितलं. ऐकायला एकदम पटतं, आणि खरंच बरेच जण वेगळी पॅक करतात. त्यामुळे डेमोत फिरलेली मोटर दुकानातच राहिली आणि खोक्यातून दुसरी आली. बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) नुसतं 'मशीन, २ नग'. मोटरचा नंबर ना बिल्टीवर, ना बिलावर, ना गॅरंटी कार्डावर.

गावी जोडणी करून पहिली शिवणीची फळी घातली. हलकासा घास दिला तरी मोटर गुरगुरायला लागली, वेग उतरला, आणि थोड्या वेळात वार्निश जळाल्याचा वास सुटला. बॉडीवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्रकन उडून गेला. दुकानात फोन लावला. उत्तर आलं:

"भाऊ, मशीन एक नंबर आहे. तुमच्या गावात लाईनच बरोबर नसन तर मशीन काय करन?"

या वाक्यावर त्यांचा अर्धा धंदा चालतो. कारण त्यात खोटं सगळं नाही. आपल्याकडे धानाला पाणी सुरू झालं की संध्याकाळी व्होल्टेज पडतं हे कोण नाकारणार? इंडक्शन मोटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० आले तर ताकद साधारण ६१ टक्क्यांवर येते. खेड्यातला माणूस हे ऐकून गप्प बसतो, पदरचे पैसे घालून स्टॅबिलायझर आणतो, आणि तोवर गॅरंटीचे महिने सरतात. वरून मशीन परत पाठवायचं भाडं आपलंच. शहरातल्या गिऱ्हाइकाला हे कारण देता येत नाही, म्हणून दाखवला एक आणि दिला दुसरा असा माल खपवायला आमच्यासारखेच बरे.

मी दुपारी मीटर लावून पाहिलं. २२२ व्होल्ट. मोटर तरीही तशीच.

तेव्हा पाटी नीट वाचली. त्यावर लिहिलं होतं: २ एचपी, २३० व्होल्ट, ५.५ अँपिअर. आता हिशोब करा. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, दोन एचपी म्हणजे १४९२. आणि २३० ला ५.५ ने गुणलं तर येतात १२६५. म्हणजे मोटर घेते १२६५ वॅट आणि देते १४९२! जगात अशी मोटर नाही. सिंगल फेजची खरी दोन एचपीची मोटर भरल्या लोडवर नऊ-दहा अँपिअर तरी ओढतेच, कारण आत उष्णतेत काही जातं आणि पॉवर फॅक्टरचाही हिस्सा असतो (ओढलेला सगळा करंट कामी येत नाही). खोटी पाटी छापणाऱ्यानेही एचपीचा आकडा वाढवला आणि अँपिअरचा तसाच ठेवला. हा गुणाकार दुकानाच्या काउंटरवर उभ्या उभ्या मोबाईलवर होतो. पाटीवर अँपिअर लिहिलेलेच नसतील, तर तिथूनच माघारी फिरा.

मोटर घेऊन तालुक्याच्या वायंडिंगवाल्याकडे (मोटरीतली तार नव्याने भरणाऱ्याकडे) गेलो. तो हंगामात रात्रंदिवस पंपाच्या मोटरी भरतो. बाकावर ठेवायला उचलली तसा म्हणाला, "हे दोन एचपीचं वजन नाही भाऊ. उचलून पाहा न तुम्हीच." बाजूला त्याच्याकडे दुरुस्तीला आलेली दोन एचपीची मोटर पडली होती, ती एका हाताने हलली नाही. मग त्याने क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) लावून लोड दिला. पाटीवरच्या साडेपाचच्या जागी आकडा नऊच्या पुढे गेला. लहान मोटरीला मोठं काम दिलं की ती असाच करंट ओढते आणि तापते.

त्याने टॉर्च मारून बॉडी दाखवली. नवी पाटी जिथे होती, त्याच्या बोटभर खाली पुट्टी भरून रंगवलेली दोन बारीक भोकं. जुन्या पाटीचे रिव्हेट तिथे होते. म्हणजे मोटर नवी नव्हतीच. कुठली तरी जुनी बॉडी, नवा रंग, नवी पाटी. झाकण काढलं तर आत तार तांबूस, चकचकीत. माझ्या मनात आलं, तार तरी खरी आहे. त्याने ब्लेडने तारेचं टोक खरवडलं. वरचा तांबूस लेप निघाला आणि खाली पांढरी तार. ॲल्युमिनियम.

ॲल्युमिनियमची मोटर विकणं गुन्हा नाही, सांगून विकणारे आहेत, आणि हलक्या कामाला ती चालतेही. पण त्याची वीज वाहून न्यायची क्षमता तांब्याच्या साधारण ६१ टक्के, म्हणून त्याच ताकदीला तार जाड लागते, बॉडीत जागा जास्त लागते. लहान बॉडीत तांब्याच्या मापाची ॲल्युमिनियम तार भरली की मोटर तापणारच. त्याच मापाच्या तारेचं वजनही तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. म्हणून हातात धरून वजन पाहणं ही अडाण्याची परीक्षा नव्हे, तराजू असेल तर सरळ तोलून घ्या आणि कंपनीने छापलेल्या वजनाशी ताडून पाहा.

हातातल्या औजारांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात नवल काही नाही. राउटर आणि सँडरवर एका नावाजलेल्या कंपनीच्या नावासारखंच नाव, एक अक्षर इकडचं तिकडे. आतला कार्बन (मोटरीला वीज पोचवणारा, झिजणारा तुकडा) झिजल्यावर त्या मापाचा कार्बन नागपुरातही मिळाला नाही. ग्राइंडरसोबत लाकूड कापायचं दातेरी ब्लेड फुकट दिलं होतं, ते मी पहिल्याच दिवशी फेकलं. चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेतो. त्यावर दातेरी ब्लेड लाकडात अडकलं तर औजार हातातून झटका मारून येतं. बोटं गेलेले दोन गडी आमच्याच भागात आहेत.

आता बिलाची गोष्ट. बिल छापील, १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवलेला, वर १५ अक्षरी नंबर, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७. सगळं जिथल्या तिथे. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर 'सर्च टॅक्सपेयर' मध्ये कुणाचाही नंबर टाकून पाहता येतो, लॉगिन लागत नाही. तिथे हा नंबर दिसला रद्द झालेला, आणि नाव कापडाच्या धंद्याचं. म्हणजे माझ्याकडून घेतलेला कर सरकारकडे गेलाच नाही. दुकानात उभं राहूनच नंबर टाकून पाहा: नाव दुकानाचंच आहे का, पत्ता तोच का, आणि 'ॲक्टिव्ह' आहे का. मोटरवर आयएसआय छाप असेल तर त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना नंबर असायला पाहिजे, तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. माझ्या मोटरवर छाप होता, नंबर नव्हता.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी दुकानाला कळवलं, दुकानाने उत्तर दिलं नाही. मग स्पीड पोस्टने नोटीस दिली आणि चंद्रपूरच्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली. बऱ्याच जणांना वाटतं की दुकान नागपूरचं म्हणजे केस नागपूरलाच लढावी लागेल. तसं नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. वकील लागतोच असंही नाही. ई-जागृती पोर्टलवरूनही तक्रार जाते.

दुकानाच्या वकिलाने लेखी उत्तरात दोन मुद्दे टाकले. पहिला, मशीन धंद्यासाठी घेतली, म्हणून हा माणूस कायद्याने ग्राहकच नाही. हे ऐकून आमच्याकडचे काही जण आधीच गार पडलेले मला माहीत आहेत. कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूला वगळलं आहे खरं, पण त्याच कलमाखाली स्पष्टीकरण आहे: स्वतःच्या हाताने काम करून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. घरच्या ओसरीत रंधा मारणारा वाढई त्यात बसतो. तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात हे लिहा, वकिलाने काढायची वाट पाहू नका.

दुसरा मुद्दा जास्त पाजी होता. 'तक्रारदाराने आमची चांगली मोटर बदलून दुसरी लावली.' बिलावर नंबर नाही, मग सिद्ध कोण करणार? इथे वायंडिंगवाल्याचा पोरगा कामी आला. मोटर उघडताना त्याने व्हिडिओ काढला होता. त्यात पाटी, दुकानाच्या गॅरंटीचं स्टिकर, न तुटलेलं सील, मग झाकण निघणं आणि ब्लेडखाली पांढरी होणारी तार, सगळं एकाच सलग चित्रणात आहे, कुठे तोडलेलं नाही. खोकं उघडतानाचा असा व्हिडिओ असेल तर आणखी बरं.

वायंडिंगवाले जुनी तार किलोच्या भावाने भंगारात देतात, त्यांचा तो नेम असतो. ती देऊ देऊ नका. माझी मोटर, तार आणि खरवडलेला तुकडा पोत्यात शिवून ठेवला आहे. रंधा सध्या दीड एचपीच्या दुसऱ्या मोटरवर चालतो. तिचा नंबर बिलावर आहे, आणि शिवणीची फळी ती निवांत खाते. सदोष वस्तू प्रयोगशाळेत तपासणीला पाठवायचा अधिकार कायद्याच्या ३८ व्या कलमाने आयोगाला आहे, तपासणीची फी आधी तक्रारदाराने भरायची असते. तो अर्ज पुढच्या तारखेला द्यायचा आहे.