हॅरी डीन स्टॅन्टन: आधी ‘पॅरिस, टेक्सास’ की ‘लकी’?

धाकट्या मावसभावाने ‘एलियन’ पाहिला आणि त्यातल्या ब्रेटने, म्हणजे हॅरी डीन स्टॅन्टनने, त्याला पकडलंच. आता मुख्य भूमिकेतला स्टॅन्टन कुठून सुरू करू, असं विचारतोय. आयुष्य दुय्यम भूमिकांत काढलेल्या या नटाच्या वाट्याला नायकाच्या भूमिका मोजक्याच आल्या. त्यातल्या या दोन.

वेळ: विम वेंडर्सचा ‘पॅरिस, टेक्सास’ (1984) जवळजवळ अडीच तासांचा, जॉन कॅरल लिंचचा ‘लकी’ (2017) दीड तासाच्या आत.

संयम: पहिल्याला जास्त लागतो. सुरुवातीला बराच वेळ ट्रॅव्हिस, म्हणजे स्टॅन्टनचं पात्र, बोलतच नाही, वाळवंटातून नुसता चालत राहतो. पण हाच माणूस शेवटी काचेपलीकडच्या बायकोकडे पाठ करून, फोनवरून, संसाराची राखरांगोळी कशी झाली ते सांगतो, तेव्हा माझा तर श्वास अडकतो. इतकं हळू आवाजात इतकं दुःख मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

खरा स्टॅन्टन: तो ‘लकी’त जास्त सापडतो. नव्वदीचा नास्तिक म्हातारा, दुसऱ्या महायुद्धात नौदलात स्वयंपाकी. स्टॅन्टनही तेच काम करत होता, ओकिनावाच्या लढाईत. वाढदिवसाच्या मेजवानीत तो अचानक स्पॅनिश गाणं म्हणू लागतो, ते बघाच. 15 सप्टेंबर 2017 ला स्टॅन्टन गेला. अमेरिकेत चित्रपट दोन आठवड्यांनी लागला.

अभिनयाची ताकद बघायची असेल तर एक रात्र मोकळी ठेवून ‘पॅरिस, टेक्सास’. माणूस जाणून घ्यायचा असेल, किंवा आजोबा सोबत बसणार असतील, तर ‘लकी’.