कोरीवकाम जुने दिसावे म्हणून: किडके लाकूड कोरावे की चांगल्या लाकडाला छिद्रे पाडावीत?

किडके लाकूड शोधायला निघण्याआधी एवढे लक्षात घ्या, की लाकडाच्या पृष्ठभागावर दिसणारी बारीक गोल छिद्रे सहसा किडा आत शिरल्याची नसतात, बाहेर पडल्याची असतात. अळी आतल्या आत काही वर्षे पोखरत राहते. तिचे बोगदे बहुतेक तंतूंच्या दिशेने, वेडेवाकडे जातात. शेवटी तिचा भुंगेरा होतो आणि तो पृष्ठभाग फोडून बाहेर येतो.

अशा फळीवर गोल पटाशी चालवली की हे बोगदे आडवेउभे चिरले जातात. मूर्तीच्या गालावर किंवा वस्त्राच्या चुणीवर गोल छिद्राऐवजी उघडी पन्हळ दिसू लागते. जुन्या वस्तू पारखणारा माणूस नेमकी ही पन्हळच शोधतो, कारण ती दिसली की कीड आधी लागली आणि कोरीवकाम नंतर झाले, हे उघड होते. म्हणजे ज्या लाकडाने काम जुने दिसेल असे वाटते, तेच त्याचे नवेपण सांगून टाकते. म्हणून मूर्ती, मुखवटा किंवा खोल उठावाच्या कामासाठी आमची शिफारस स्पष्ट आहे: चांगले लाकूड कोरा आणि छिद्रे शेवटी पाडा.

किडके लाकूड जिथे त्याचा मूळ पृष्ठभाग शिल्लक राहतो तिथे शोभते. चौकट, बैठक, एक-दोन मिलिमीटर खोलीचे रेषाकाम असलेली फळी ही अशी कामे. पन्हळी मुद्दाम दाखवायच्या असतील, तर मुक्त आकाराच्या शिल्पालाही ते छान आहे.

किडके लाकूड घेतले तर

आधी कीड जिवंत आहे का ते पाहा. लाकूड काळ्या कागदावर ठेवा. खाली ताजा, फिकट भुसा पडला तर किडा आत आहे. भुसा पडला नाही म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. अळी वर्षानुवर्षे आत राहू शकते, त्यामुळे उपचार दोन्ही प्रसंगी करायचा. उष्णता द्यायची असेल तर लाकडाच्या मध्यभागी ५६ अंश सेल्सियस तापमान किमान ३० मिनिटे टिकले पाहिजे. भट्टीचा काटा ५६ दाखवतो म्हणून मध्यही तितका तापला असे होत नाही. जाड ठोकळ्याला कित्येक तास लागतात आणि घाई केली की तो तडकतो. गोठवायचे असेल तर लाकूड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, आधीच उणे २० अंशांवर असलेल्या फ्रीझरमध्ये ठेवा आणि आठवडाभर राहू द्या. जाड तुकड्याला दोन आठवडे द्या. तापमान हळूहळू उतरले तर काही अळ्या थंडीला सरावतात. बाहेर काढल्यावर लाकूड खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर लाकडावर दव धरते.

दुसरी अडचण ताकदीची. पोखरलेल्या भागात आडव्या तंतूंवर धार टेकली की कण सुटतात आणि बोटे, नाक, पातळ पाने तुटतात. मोगरीचे ठोके टाळा. पटाशी हाताने सरकवत पातळ काप घ्या, धार वारंवार चामड्यावर ओढा. फार पिठूळ झालेल्या भागात पॅरालॉइड बी-७२ हे राळ ॲसिटोनमध्ये विरघळवून मुरवता येते. सुरुवात ५ टक्क्यांच्या द्रावणाने करा, मग १० टक्के. पहिलाच हात दाट दिला तर राळ वरच कवच धरते आणि आतला भाग भुसभुशीतच राहतो. ॲसिटोन झटकन पेट घेतो, तेव्हा जवळ ज्योत नको आणि हवा खेळती हवी. भुशासाठी मास्क लावा.

छिद्रे पाडायची तर

फर्निचर बीटल या लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचे छिद्र साधारण १.५ ते २ मिलिमीटरचे असते. १, १.५ आणि २ मिलिमीटरची बिटे आलटून पालटून, हातात धरायच्या छोट्या ड्रिलने वापरा. आरी टोचू नका. तिने तंतू दबतात आणि छिद्राची कड फुगते. खऱ्या छिद्राची कड स्वच्छ असते. खोली ३ ते १० मिलिमीटर, कोन दर वेळी थोडा वेगळा.

फसते ते बहुधा मांडणीत. सारख्या अंतरावर पेरलेली छिद्रे लगेच खोटी वाटतात. किड्याला कडेचे पांढरट लाकूड आवडते, गडद गाभ्याला तो सहसा कमी लागतो. म्हणून पाठीमागे, तळाशी, सांध्याजवळ आणि पांढरट पट्ट्यात दहा-पंधरा छिद्रांचा पुंजका करा, मग मोठी जागा मोकळी सोडा, पुढे दोन-तीन सुटी छिद्रे. चेहरा शक्यतो तसाच ठेवा.

क्रमही महत्त्वाचा आहे. कोरणे, हात लागणाऱ्या कडा घासून बोथट करणे, छिद्रे पाडणे, आतला भुसा फुंकून काढणे, मग रंग, त्यावर लाखेच्या पॉलिशचा एक पातळ हात, आणि शेवटी गडद मेण. रंगानंतर छिद्रे पाडली तर आतले लाकूड उजळ दिसते आणि सगळी मेहनत वाया जाते. मेण छिद्रात दाबून भरू नका. ब्रशने फिरवून वरचे पुसून टाकले की आतली काळोखी पुरेशी येते.

तरीही बारीक तार घालून पाहणाऱ्याला ती सरळ आत जाताना कळेलच; खरा बोगदा वळतो. हे तंत्र सजावटीसाठी आहे. विकताना काम नवे आहे हे सांगायलाच हवे.

तिसरा मार्ग

अँब्रोशिया बीटल ओल्या ओंडक्यात शिरतो आणि लाकूड वाळले की टिकत नाही. त्याची अळी लाकूड नव्हे, बोगद्यात वाढलेली बुरशी खाते. त्यामुळे छिद्रांच्या कडा काळपट असतात, आत भुसा नसतो आणि लाकूड बरेचसे मजबूत राहते. पन्हळी इथेही उघड्या पडतात, पण काळ्या रेघांसारख्या, आणि पटाशीखाली कण सुटत नाहीत. खरीच कीड दाखवायची हौस असेल, तर पूर्ण वाळलेली अशी फळी निवडा.