फोनमधलं लिनक्स लॅपटॉपवर: व्हीएनसी, आरडीपी की एसएसएच?

अँड्रॉइड फोनमध्ये टर्मक्स (लिनक्सच्या आज्ञा चालवणारं अ‍ॅप) टाकलं, त्यात डेबियन हे लिनक्स आणि एक्सएफसीई हा त्याचा डेस्कटॉप बसवला, इथवर बरीच पोरं पोचतात. पण सहा इंची पडद्यावर बोटानं हिशेबाची शीट भरणं म्हणजे चिमटीनं तीळ वेचणं. आमच्या दारव्ह्याकडे घरात एखादा जुना लॅपटॉप निघतोच. बॅटरी तासभर टिकते, विंडोज रखडत चालतं, पण कीबोर्ड धड असतो. तेवढं पुरे. काम फोन करतो, लॅपटॉप नुसता पडदा.

पहिला प्रश्न हमखास येतो, ‘भाऊ, नेट लागते काय?’ नाही. फोनचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप त्याला जोडला की झालं. लाइन गेली, मागोमाग टॉवर गेला, तरी दोघांचं आपसात चालतं. मोबाइल डेटा मात्र बंद ठेवा. मी एकदा विसरलो, तर जेवून हात धुवेस्तोवर लॅपटॉपनं अपडेटच्या नावाखाली दिवसाचा दीड जीबी गिळला होता.

माझं मत व्हीएनसीला. यात फोनमधला अख्खा डेस्कटॉप लॅपटॉपवरच्या एका खिडकीत दिसतो. त्यासाठीचा टायगरव्हीएनसी हा प्रोग्राम टर्मक्समध्येही मिळतो आणि डेबियनमध्येही. पहिला डिस्प्ले 5901 पोर्टवर (पोर्ट म्हणजे जोडणीच्या दाराचा नंबर) उघडतो, लॅपटॉपवर एक छोटा व्ह्यूअर लागतो. जोडणी तुटली तरी फोनमधला डेस्कटॉप तसाच उघडा राहतो; पुन्हा जोडलं की कर्सर त्याच रकान्यात. रिझोल्यूशन 1280 बाय 720 ठेवलं तर माऊस फारसा मागे रेंगाळत नाही. खोट सुरक्षेत आहे. जुन्या पद्धतीच्या पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात, आणि साध्या जोडणीत पडद्यावरचा मजकूर उघडाच जातो. घरच्या हॉटस्पॉटवर मी एवढं मनावर घेत नाही. कॉलेजच्या किंवा दुकानाच्या वायफायवर मात्र सर्व्हर ‘लोकलहोस्ट’ पर्यायानं (म्हणजे बाहेरून थेट जोडता येणार नाही असा) सुरू करून एसएसएचच्या, म्हणजे कुलूपबंद जोडणीच्या, बोगद्यातून जा. टर्मक्सचं एसएसएच 22 वर नाही, 8022 वर असतं. इथं अर्धे लोक अडकतात.

यूएसबी केबल असेल तर आणखी सोपं. एडीबी हे केबलवरून फोनशी बोलणारं साधन; त्याच्या ‘एडीबी फॉरवर्ड’नं 5901 पोर्ट लॅपटॉपवर आणा, व्ह्यूअरमध्ये लोकलहोस्ट:5901 लिहा. वायफायची कटकटच नाही. फोन लॅपटॉपवर चार्ज होत राहतो, म्हणून लाइन नसताना लॅपटॉपची बॅटरी लवकर बसते, एवढंच.

आरडीपी कधी? लॅपटॉप दुसऱ्याचा असेल आणि त्यावर काही टाकू देत नसतील तेव्हा. आरडीपी ही विंडोजची स्वतःची पद्धत, तिचं रिमोट डेस्कटॉप त्यात आधीच असतं. फोनवर एक्सआरडीपी हा तिचा सर्व्हर बसवून 3389 पोर्टला जोडायचं. प्रूटमध्ये (टर्मक्समध्ये डेबियन ज्याच्या आधारानं चालतं ते) सेवा आपोआप सुरू करणारं सिस्टमडी नसल्यानं ती सेवा दर वेळी हातानं सुरू करावी लागते. मला हा व्याप नको वाटतो.

एसएसएचवरून एक्स फॉरवर्डिंग, म्हणजे अख्ख्या डेस्कटॉपऐवजी एकेका प्रोग्रामची खिडकी लॅपटॉपवर आणणं, हे एखाददुसरा प्रोग्राम उघडण्यापुरतं. विंडोजवर त्या खिडक्या दाखवणारा वेगळा एक्स सर्व्हर लागतो, वायफायवर मेनू उघडायलाही वाट पाहावी लागते, आणि जोडणी तुटली की प्रोग्रामही गेला.

काहीही निवडा, एक गोष्ट तिन्हींना लागू. मधेच खिडकी नाहीशी झाली आणि टर्मक्समध्ये ‘सिग्नल 9’ (अँड्रॉइडनं प्रोग्राम मारला) दिसलं, तर व्हीएनसीला शिव्या घालू नका. अँड्रॉइड 12 पासून सगळ्या अ‍ॅप्सच्या मिळून 32 च उपप्रक्रिया चालू दिल्या जातात, आणि एक्सएफसीईचा गोतावळा मोठा. अँड्रॉइड 14 असेल तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डिसेबल चाइल्ड प्रोसेस रिस्ट्रिक्शन्स’ शोधा. टर्मक्सचा वेक लॉकही (फोनला झोपू न देणारा) लावून ठेवा. आणि देवनागरी फाँट आधी टाका, नाहीतर शीटमधली शेतकऱ्यांची नावं नुसती चौकोनात दिसतील.

फोन गावात ठेवून यवतमाळहून जोडायचं म्हणाल, तर बहुतेक सिमवर बाहेरून थेट येता येत नाही. दोन्ही यंत्रं एका खासगी जाळ्यात आणणारं टेलस्केलसारखं काही लागतं. पण फोन घरी ठेवून यवतमाळला जातं कोण?