पावसाळा काढलेला सेंच्युरियन: १:३५ किटचा वापरानंतरचा अनुभव

प्लास्टिक किटबद्दलचे बहुतेक अभिप्राय डबा उघडल्या दिवशी लिहिले जातात. स्प्रू (भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) किती आहेत, कडा किती स्वच्छ आहेत, पितळी पत्र्याचे भाग दिलेत की नाहीत, एवढ्यावर गुण देऊन लोक मोकळे होतात. सेंच्युरियन या ब्रिटिश रणगाड्याचं १:३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं, किट विकत घेण्याआधी मी असे बरेच अभिप्राय वाचले आणि त्यातून मला हवं ते कळलं नाही. रंग लागल्यावर काय होतं, चाकांभोवतीचे पट्टे दोन-चार महिन्यांनी कसे दिसतात, पावसाळ्यात वार्निश टिकतं का, हे कुणीच लिहीत नव्हतं. माझा रणगाडा पूर्ण होऊन आता बरेच महिने झाले आहेत, पुण्याचा एक अख्खा पावसाळाही त्यात गेला. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

आधी निकाल सांगतो. टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, उत्तम. चाकांची यंत्रणा मजबूत, पण वेळखाऊ. व्हिनाइलचे पट्टे ही या डब्यातली सगळ्यात कमजोर गोष्ट. पहिलंच किट म्हणून घेऊ नका. दोन-तीन सोपी किटं हातून गेली असतील तर जरूर घ्या.

जोडायला बसण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावीच लागते, ती म्हणजे नेमका कुठला रणगाडा आणि कुठल्या वर्षीचा. सेंच्युरियनच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं. त्याचे पहिले नमुने मे १९४५ मध्ये युरोपात पोहोचले, तोवर तिथलं युद्ध संपलं होतं. पुढे १९६२ पर्यंत चार हजारांहून जास्त सेंच्युरियन बनले आणि प्रत्येक मार्कमध्ये, म्हणजे आवृत्तीत, काही ना काही बदललं. २० पाउंडर तोफ, म्हणजे साधारण ८४ मिलीमीटरची, पुढे १०५ मिलीमीटरची झाली. नळीवर धूर ओढून घेणारा फुगवटा आला. इंधनाच्या टाक्या वाढल्या. डब्यात यातले बरेच भाग पर्यायी म्हणून येतात आणि सूचनापत्रिका 'हा किंवा तो' एवढंच सांगून गप्प बसते. निवड आपण करायची.

मी निवडला ऑस्ट्रेलियन सैन्याचा १६९०४१ क्रमांकाचा सेंच्युरियन. याची हकिगत जगावेगळी आहे. १५ ऑक्टोबर १९५३ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एमू फील्ड इथे ब्रिटिशांनी अणुस्फोटाची चाचणी घेतली. स्फोट सुमारे ९ किलोटनांचा होता, आणि हा रणगाडा दारूगोळा भरून, इंजिन चालू ठेवून स्फोटबिंदूपासून ५०० यार्डांच्या आत उभा केलेला होता. स्फोटाने तो दीडेक मीटर मागे ढकलला गेला. बाजूच्या चिलखती पट्ट्या उखडून लांब फेकल्या गेल्या, तोफेच्या मुळावरचं कापडी आवरण जळून गेलं, दिवे आणि पेरिस्कोपच्या काचा वाळूने घासून निघाल्या. इंजिन बंद पडलं होतं, पण ते इंधन संपल्यामुळे. नंतर माणसांनी तो रणगाडा चालवतच तिथून बाहेर काढला. पुढे तो सुधारून मार्क ५/१ झाला आणि व्हिएतनामला गेला. ७ मे १९६९ रोजी त्याला रॉकेट लागलं, आतले सैनिक जखमी झाले, तरी रणगाडा लढण्याजोगा राहिला. आज तो ऑस्ट्रेलियात जतन करून ठेवलेला आहे.

ही निवड झाली आणि अर्धं काम सोपं झालं. व्हिएतनाममध्ये चिखल आणि झाडोरा अडकतो म्हणून ऑस्ट्रेलियन सैनिक बाजूच्या पट्ट्या बहुधा काढूनच टाकत. त्यामुळे मीही त्या लावल्या नाहीत. पण पट्ट्या नाहीत म्हणजे चाकं, स्प्रिंगा, वरचे छोटे रोलर, सगळं उघडं. या मॉडेलमध्ये नजर पहिली तिथेच जाते, आणि माझाही सर्वांत जास्त वेळ तिथेच गेला.

सेंच्युरियनची हॉर्स्टमन पद्धतीची सस्पेन्शन समजून घेतली की जोडणी कळते. प्रत्येक बाजूला तीन बोगी, प्रत्येक बोगीत चाकांच्या दोन जोड्या, आणि मध्ये आडव्या बसवलेल्या स्प्रिंगा. सगळी यंत्रणा बाहेरून बोल्टने आवळलेली, त्यामुळे आत सैनिकांची जागा अडत नाही आणि सुरुंगाने एखादी बोगी उडाली तर तेवढीच बदलता येते. किटमध्ये या बोगीत खऱ्या धातूच्या बारीक स्प्रिंगा दिल्या आहेत आणि चाकं वरखाली हलतात. हातात घेऊन दाबून पाहायला ते फार छान वाटतं. तरीही माझा स्पष्ट सल्ला: मॉडेल सपाट तळावर ठेवणार असाल तर बोगी चिकटवून पक्क्या करा. प्लास्टिकचा रणगाडा हलका असतो, ५१ टनांचा भार चाकांवर नसतो, त्यामुळे स्प्रिंगा चाकांना आपल्या मर्जीने ढकलतात. व्हिनाइलचा पट्टा ताणून बसवला की पुढचं चाक जमिनीवरून किंचित उचललं जातं, आणि एवढ्या जड यंत्राचं एक चाक अधांतरी दिसलं की सगळा भास मोडतो. काचेच्या तुकड्यावर हल (रणगाड्याचं धड) ठेवून, सगळी चाकं काचेला टेकवून, मग पातळ सिमेंट सोडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं.

सिमेंटबद्दल थोडं. तामियाचं हिरव्या झाकणाचं एक्स्ट्रा थिन मी वापरतो. ते चिकटवत नाही, प्लास्टिक विरघळवून एकजीव करतं. दोन भाग आधी जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फक्त फटीला टेकवायचं, द्रव आपोआप आत ओढला जातो. पितळी भागांना याचा काही उपयोग नाही, तिथे सुपरग्लूच लागतो.

आता पट्टे. अखंड व्हिनाइलचे हे पट्टे पहिल्या दिवशी ठीक दिसतात. पण खऱ्या सेंच्युरियनचा पोलादी पट्टा जड असतो, वरच्या रोलरांवर तो थोडा झोळ खातो. व्हिनाइलला वजन नाही, ते रबरबँडसारखं ताठ राहतं. मी ते रोलरांना सुपरग्लूने खाली बांधले. उन्हाळ्यात टिकले, पावसाळ्याच्या मध्यावर दोन ठिकाणी सुटले, पुन्हा चिकटवले. त्याहून गंभीर गोष्ट अशी की मऊ व्हिनाइलमधला मऊपणा आणणारा घटक कालांतराने पॉलिस्टिरीनला खाऊ शकतो. जुन्या किटांमध्ये चाकं पट्ट्याला लागलेल्या जागी चिकट होऊन विरघळलेली अनेकांनी पाहिली असतील. म्हणून चाकाच्या कडेला आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला प्रायमरचा पूर्ण थर हवाच, कोरं प्लास्टिक कुठेही व्हिनाइलला टेकता कामा नये. पैसे असतील तर एकेक कडी जोडायचे पट्टे वेगळे घ्या. खर्च वाढतो, बोटं दुखतात, पण झोळ खरा येतो.

हलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. भाग नीट बसतात, मागच्या इंजिन डेकच्या फटी पुट्टीशिवाय भरल्या. एवढंच लक्षात ठेवा की दोन्ही बाजूंच्या मडगार्डांवर मागे सायलेन्सर आहेत आणि त्यांचा रंग वेगळा हवा. आत रोल्स-रॉइसचं २७ लिटरचं मिटिऑर इंजिन, म्हणजे विमानांच्या मर्लिन इंजिनाचं सुपरचार्जर नसलेलं भावंड. ते तापायचं भरपूर, त्यामुळे सायलेन्सरवर गंज दाखवणं ही सजावट नाही, वस्तुस्थिती आहे.

टरेट मात्र मनापासून आवडला. त्याची भिंत ओतीव पोलादाची, वरचं छत पत्र्याचं आणि वेल्ड केलेलं, हा फरक साच्यात स्पष्ट उतरला आहे. ओतीव खडबडीतपणा थोडा कमी वाटला म्हणून मी पातळ केलेली पुट्टी ताठ ब्रशने टिपून लावली आणि सुकल्यावर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासली. रंगाखाली ते अगदी योग्य दिसतं. तोफेच्या मुळावरच्या कापडी आवरणाच्या चुण्याही खोल आणि खऱ्या आहेत. एमू फील्डला जळून गेलं ते हेच आवरण. म्हणून त्याला बाकी रणगाड्याचा हिरवा न देता, विटलेल्या कॅनव्हासचा वेगळा रंग दिला.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांची एक मोठी सोय आहे. अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंच्युरियन पाहायला मिळतो. फोटोत कळत नाहीत अशा गोष्टी तिथे समजतात: वेल्डची जाडी, चाकावरच्या रबराची झीज कुठून सुरू होते, माणूस शेजारी उभा राहिला की रणगाडा केवढा वाटतो. सुमारे ७.६ मीटरचा हल १:३५ मध्ये जेमतेम २१७ मिलीमीटर होतो, त्यामुळे टेबलावर बसून आकाराचं भान सुटतं. किट जोडायच्या आधी जाऊन या, नंतर नको.

रंगकाम. मूळ रंग तामियाचा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब, त्यात थोडा फिका रंग मिसळून. लहान आकारावर खरा रंग जास्त गडद दिसतो, म्हणून उजळावा लागतो. ०.३ मिलीमीटरच्या सुईचा एअरब्रश, दाब १५ ते २० पीएसआय. तामियाचे अ‍ॅक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पातळ होतात आणि ते केमिस्टकडे मिळतं, हे आपल्याकडे फार उपयोगी आहे. ज्वलनशील म्हणून थिनर विमानाने पाठवत नाहीत, त्यामुळे परगावाहून मागवलेली बाटली यायला वाट पाहावी लागते.

पावसाळ्यात फवारणी करणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. लॅकर किंवा त्याचं मॅट वार्निश दमट हवेत फवारलं की वर पांढुरकी धुरकट साय येते. थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते, आणि ती साय रंगात अडकते. कंप्रेसरच्या वॉटर ट्रॅपमध्येही जुलैत पाणी भराभर जमतं; तो दर थोड्या वेळाने रिकामा केला नाही तर थेंब थेट मॉडेलवर उडतो. मी शेवटचं मॅट वार्निश पावसाची उघडीप पाहून, दुपारी, खोलीत आधी तासभर डिह्युमिडिफायर लावून मारलं. तो थर आजही स्वच्छ आहे. ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांनी सरळ दिवाळीपर्यंत थांबावं.

धूळ आणि मातीचं काम मला सगळ्यात आनंद देऊन गेलं. ऑस्ट्रेलियन तळ नुई दातला होता, फुओक तुई प्रांतात, आणि तिथली माती लाल. बाजारात यासाठी महागड्या पिगमेंटच्या बाटल्या मिळतात. मी पूजेच्या सामानाच्या दुकानातला गेरू वापरला. जुन्या मलमलीतून दोनदा गाळला, थोडी मुलतानी माती मिसळून फिका केला, आणि मऊ ब्रशने चाकांच्या कोपऱ्यांत, मडगार्डखाली, मागच्या प्लेटवर बसवला. वरून मिनरल टर्पेंटाइनचा थेंब सोडला की तो धरून राहतो. कोकणातली जांभ्याची धूळ ज्याने गाडीच्या चाकांवर पाहिली आहे त्याला ही छटा कुठे गडद आणि कुठे फिकी ठेवायची हे शिकवावं लागत नाही. चिखल खाली दाट, वर जाता जाता विरळ, आणि सैनिक चढतात त्या जागी पुसलेला. हा पुसलेला भाग दाखवला तर रणगाड्यावर माणसं होती हे कळतं.

गेरूबद्दल एक सावधगिरी. टर्पेंटाइनने तो बसतो, पण कायमचा बांधला जात नाही. इतक्या महिन्यांत ब्रशने धूळ झाडताना थोडा गेरू निघाला. चाकांवरचा टिकला, सपाट भागावरचा विरळ झाला. पुढच्या वेळी सपाट भागावर पातळ मॅट वार्निशमध्येच कालवून लावीन.

डिकल, म्हणजे आकडे आणि खुणा चिकटवायच्या पातळ चकत्या, बरे निघाले. आधी चकचकीत क्लिअर वार्निश, मग डिकल, मग ते मऊ करणारा सॉफ्टनर, हा क्रम पाळला तर खाली हवा अडकत नाही. आकडे अजून रंगवल्यासारखे दिसतात, कडा उठलेल्या नाहीत. पितळी पत्र्यांपैकी एक जाळी सुटली, बाकी जागच्या जागी. मॉडेल मी काचेच्या बंद पेटीत ठेवलं आहे आणि आत सिलिका जेलच्या पुड्या आहेत. पेटी नसेल तर आपल्या शहरांतल्या धुळीत कुठलंही वार्निश उपयोगाचं नाही.

पुढचा सेंच्युरियन पूना हॉर्सचा करायचा मनात आहे. याच रणगाड्यातून या रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल तारापोर १९६५ मध्ये आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल १९७१ मध्ये लढले, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. तारापोर जन्माने मुंबईचे, खेतरपाल पुण्याचे. या डब्यात भारतीय खुणांचे डिकल नाहीत, ते वेगळे छापून घ्यावे लागतील, आणि त्याआधी नळी, टाक्या आणि खुणांसाठी त्या काळचे फोटो जमवावे लागतील. ज्यांच्या घरी १९७१ च्या बसंतरच्या आघाडीवरचे जुने फोटो आहेत त्यांनी ते नीट स्कॅन करून ठेवावेत, ही विनंती आहे. किट मी आणून ठेवलं आहे, पट्टे मात्र यावेळी एकेक कडीचेच.