विंडोज 10 की 11? एवढ्यावरून 15,340 रुपये घेऊन गेला

नाशिकरोड, सिडको, सातपूर भागात ज्यांची छोटी ऑफिसं आहेत त्यांनी हे नीट वाचा, कारण कॉम्प्युटर दुरुस्तीच्या नावाखाली फसवणारा तो माणूस अजून फिरतोय.

माझं जीएसटी-रिटर्नचं काम आहे, नाशिकरोडला गाळा, दोन कॉम्प्युटर. दिवाळीनंतरची गोष्ट, महिन्याच्या 3बी रिटर्नची वीस तारीख तोंडावर आणि प्रिंटर बंद पडला. शेजारच्या झेरॉक्सवाल्या दादांनी एका दुरुस्तीवाल्याचा नंबर दिला, त्यांच्याकडे तो येऊन गेलेला होता, म्हणून बोलावलं. ओळखीतून आलेल्या माणसावर कोण संशय घेतं? प्रिंटर त्याने खरंच नीट केला, त्याचे 350 मागितले आणि मग सहज म्हटल्यासारखं म्हणाला, "मॅडम, तुमचं विंडोज डुप्लिकेट दिसतंय."

मग दाखवायला लागला. विनव्हर, म्हणजे विंडोजचं व्हर्जन दाखवणारी चौकट उघडली, तिथे विंडोज 11, व्हर्जन 24एच2. कमांड टाइप करायची ती काळी खिडकी उघडली, तिथे व्हर्जन 10.0.26100. रेजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदींची यादी उघडली, तिथे प्रॉडक्टनेमसमोर स्वच्छ लिहिलेलं, विंडोज 10 प्रो. "बघा, एकाच मशीनवर तीन ठिकाणी तीन गोष्टी. आत 10 आहे, वरून 11चा मुलामा दिलाय. 10चा सपोर्ट बंद झालाय, कंपनीची नोटीस आली तर दंड, आणि क्लायंटचा डेटा कधीही जाईल." विंडोज 10चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025ला संपला हे तर सगळीकडे येऊन गेलेलं, त्यामुळे ते पटलंच. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पण तेच दाखवलं. डोळ्यांनी दिसत होतं हो, तो काही तोंडी सांगत नव्हता!

एका मशीनचे 5,000 अधिक 18 टक्के, म्हणजे 5,900, दोनचे 11,800. वर वर्षभराची देखभाल 3,000 अधिक 540. एकूण 15,340, यूपीआयने, एकाच वेळी.

आता जे आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते ते सांगते. त्याने "दुरुस्ती" केली ती माझ्या समोर. त्या विंडोज 10 प्रो नावावर डबल क्लिक केलं, छोटी चौकट उघडली, 10 खोडून हाताने 11 टाइप केलं, ओके दाबलं. आणि म्हणाला, आता बघा सगळं जुळलं. मी बघत होते! जे कुणीही बसल्या जागी टाइप करू शकतो तो पुरावा कसा असेल, हा प्रश्न त्या क्षणी यायला हवा होता. दारावरची पाटी बदलली म्हणून घराचा मालक बदलत नाही. पण समोर अर्धवट भरलेली रिटर्नं, फोन वाजतोय, क्लायंट दारात उभा, अशा वेळी कोणाचं डोकं तिकडे जाईल?

आणि बिल. दिवसभर दुसऱ्यांचे जीएसटी नंबर तपासते मी. 27ने सुरू होणारा नंबर बघितला, महाराष्ट्राचा आहे एवढं बघून फाइलला लावला. नंतर मोजला तर 14 अक्षरं. जीएसटी नंबर 15चा असतो, शेवटून दुसरं अक्षर झेड. याच्यात झेडच नाही. म्हणजे 2,340 रुपये टॅक्स म्हणून घेतले तेही खिशात. बिल हातात आलं की पैसे द्यायच्या आधी नंबर जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, अर्धा मिनिट लागतो.

भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो आला तेव्हा उलगडा झाला. त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर तीच जागा उघडली, कंपनीचा खोक्यातून काढलेला लॅपटॉप, विंडोज 11, आणि तिथेही प्रॉडक्टनेम विंडोज 10! विंडोज 11मध्ये ती नोंद जुन्याच नावाने राहिलीय, सगळ्यांच्याच मशीनवर. काळ्या खिडकीत 10.0 हे 10 आणि 11 दोन्हीला येतं. बघायचा तो त्याच्या पुढचा आकडा, म्हणजे बिल्ड नंबर, 22000 किंवा वर असेल तर 11, 19045 असेल तर 10. माझा 26100, म्हणजे पहिल्यापासून 11च. आणि व्हर्जन कुठलं याचा लायसन्सशी संबंधच नाही, लायसन्स बघायचं तर सेटिंग्ज, सिस्टिम, अॅक्टिव्हेशन. ते पान त्याने मला एकदाही उघडून दाखवलं नाही.

आम्ही उघडलं तर तिथे लिहिलेलं, तुमच्या संस्थेच्या सर्व्हिसने अॅक्टिव्हेट केलंय. माझी कसली संस्था, दोन टेबलांचं ऑफिस! मोठ्या कंपन्यांसाठीची 180 दिवसांच्या अॅक्टिव्हेशनची पद्धत असते, तिची नक्कल करणारा क्रॅक, म्हणजे चोरटा प्रोग्राम, टाकून गेला होता, मुदत मे महिन्याची. भाच्याने सगळं पुसून विंडोज नव्याने टाकलं तर कुठलीही की, म्हणजे लायसन्सचा कोड, न मागता दोन्ही मशीन अॅक्टिव्हेट झाल्या, कारण कंपनीची की मदरबोर्डमध्येच होती. म्हणजे माझंच अस्सल काढून मला नकली विकलं. शिवाय ते टाकताना "पाच मिनिटं अँटीव्हायरस बंद करतो" म्हणाला होता. असं कोणी म्हणालं की तिथेच हात धरा. माझ्या मशीनवर लोकांचे पॅन, पोर्टलचे पासवर्ड. एकेकाला फोन करून बदलायला लावले, काय सांगायचं त्यांना? पासवर्ड कॉम्प्युटरवर लिहून ठेवत असाल तर आजच काढा.

आणि मदत? पोलीस ठाण्यात म्हणाले, काम केलंय ना त्याने, मग हा सेवेचा वाद आहे, ग्राहक मंचात जा. सायबरवाले म्हणाले, माणूस तुमच्यासमोर बसून गेला, हे ऑनलाइन नाही. अहो, पैसे ऑनलाइन गेले, क्रॅक कॉम्प्युटरमध्ये टाकला, अजून सायबर काय असतं? बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला, आमचा प्रश्न नाही. खोट्या जीएसटी नंबराची तक्रार द्यायला गेले तर आवक खिडकीवर शिक्का मारून कागद घेतला, पुढे काही नाही. प्रत्येक जण समोरच्या इमारतीकडे बोट दाखवतो आणि उन्हात आपण फिरायचं. रक्कम पंधरा हजार ऐकली की साहेबांचा चेहराच उतरतो, लाखांत असती तरच बोलायचं का? खोटं सांगून पैसे घेणं ही फसवणूकच, भारतीय न्याय संहितेचं कलम 318, हे मी त्यांना सांगायचं! लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मला उशिरा कळलं म्हणून तो रस्ता बंद झाला. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, जिल्हा ग्राहक आयोगात पण अर्ज करतेय.

झेरॉक्सवाल्या दादांच्या मशीनवरही तेच करून गेलाय, त्यांचे 5,900. पाथर्डी फाट्याला एका सीएंच्या ऑफिसात गेल्या आठवड्यात येऊन गेला, बिलावर तोच 14 अक्षरी नंबर. ज्यांच्याकडे असं बिल असेल त्यांनी फोटो काढून ठेवा आणि मला कळवा, चार-पाच जण झालो की एकत्र तक्रार देऊ, मग बघते कोण म्हणतं हा सेवेचा वाद आहे ते.